अश्विनीची उलटी गोदावरी

“ह्या पोरीची गोदावरी उलटी वाहते, मॅडम,” मुख्याध्यापक म्हणाले आणि पेपर माझ्यापुढे सरकवला.

आठवीतल्या अश्विनीचा भूगोलाचा पेपर होता. महाराष्ट्राच्या कोऱ्या आराखड्यात गोदावरी काढायची होती. हिनं नाशिक थेट विदर्भात नेऊन ठेवलं होतं आणि तिथून नदी कोकणाकडे सोडली होती. सर हसत होते, पण निर्णय झाला होता. अश्विनी ‘ब’ तुकडीत जाणार. ‘ब’ म्हणजे कच्च्यांची तुकडी. तिथे गेलेल्या मुली सहसा दहावीपर्यंत टिकत नसत, भाजीच्या वाफ्यात दिसायच्या.

“पुढच्या चाचणीपर्यंत थांबा ना, सर.”

“थांबतो. पण नदी सरळ झाली पाहिजे.”

सायखेड्याच्या अलीकडे, गोदाकाठी आमची शाळा. मी तिथे नुकतीच बदलून आले होते. मधल्या सुट्टीत अश्विनीला वर्गात बोलावलं आणि विचारलं, “नाशिक कुठे?”

तिनं बसल्या जागेवरून उजवा हात केला. “तिकडं हाय ना, मॅडम. बाबा रोज पंचवटीला भाजी घेऊन जातात.”

मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. नाशिक डावीकडे. मग खिडकीबाहेर बघितलं, आणि मला हसू फुटलं. आमच्या वर्गाचा फळा दक्षिणेच्या भिंतीला आहे. नकाशाही तिथेच टांगलेला. दक्षिणेकडे तोंड करून बसलं की पश्चिम उजवीकडे येते, नकाशात मात्र ती डावीकडे. बाकीच्यांनी नकाशा मुकाट पाठ केला होता. अश्विनीनं खिडकीतून दिसणारी नदी काढली होती.

नकाशाची उत्तर दिशा जमिनीवरच्या उत्तरेशी जुळवून घेणं, याला आम्ही नकाशा दिशेला लावणं म्हणतो. म्हणून दुसऱ्या दिवशी नकाशा उतरवून मैदानात अंथरला आणि मुलांना म्हटलं, चाला यावरून. कोणी हलेना. एकाचा अंगठा चुकून विदर्भाला लागला, तर त्यानं वाकून नमस्कार केला. पुस्तकाला पाय लागू न देणारी मुलं, नकाशा कसा तुडवतील? खोखोच्या मैदानावर रेषा आखायला फक्की असते, चुन्याची पांढरी पूड. ती आणली आणि मैदानभर महाराष्ट्र आखला, उत्तर उत्तरेला ठेवून, मधून गोदावरीची जाड रेघ. फक्कीवर पाय द्यायला कुणाचीच हरकत नव्हती.

थंडीची सकाळ होती. नदीवरचं धुकं कुंपण ओलांडून मैदानात आलं होतं. “डोळे मिटा,” मी म्हटलं, “त्र्यंबकहून निघा.” मुलं अनवाणी, तळव्यांनी फक्की चाचपत हळूहळू चालू लागली. कुंपणापलीकडची गोदावरी आणि आमची फक्कीची, दोघी एकाच दिशेनं निघाल्या होत्या. धुक्यात मुलांचे पाय दिसेनात, नुसती डोकी तरंगत पुढे जात होती. मलाही वाटलं, आपण नदीवरच उभ्या आहोत. इतकी वर्षं शिकवते आहे, पण भूगोल इतका सुंदर मला कधी दिसला नव्हता.

नांदेडच्या पुढे रेषा संपली. मुलं थांबली. अश्विनी चालतच राहिली.

“अगं, कुठे निघालीस?”

“समुद्राला,” ती डोळे न उघडता म्हणाली. “अजून लय लांब हाय, मॅडम.”

मी तिला जाऊ दिलं.

चाचणीच्या दिवशी सर वर्गात डोकावले आणि दारातच थांबले. सगळा वर्ग फळ्याकडे पाठ करून, मागच्या बाकावर कागद ठेवून लिहीत होता.

“हे काय? कॉपी चाललीय?”

“नाही सर,” अश्विनी म्हणाली, “उत्तरेकडं तोंड केलंय.”

सरांनी तिचा कागद उचलला. नाशिक नाशकात होतं. नदी पूर्वेला निघालेली, आणि महाराष्ट्राची हद्द ओलांडून कागदाच्या काठापर्यंत गेलेली.

“आराखडा सोडून बाहेर कशाला गेलीस?”

“समुद्र तिकडं हाय, सर.”

सरांनी कागद परत ठेवला. “‘अ’ तुकडीतच बस,” म्हणाले आणि मला विचारलं, “मागच्या भिंतीला नकाशा टांगता येईल का?”

आता भूगोलाच्या तासाला आमचा वर्ग उलटा बसतो. मी एवढंच शिकले: मुलाचा नकाशा उलटा आला, तर लाल पेन उघडण्याआधी ते मूल कुणीकडे तोंड करून बसलंय, ते बघावं.