भावोजींच्या आवाजातला धवळा

भाचीचा, सुनंदाचा फोन आला तेव्हा मी शहापूरला माझ्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. "मामा, बाबा गेलं..." एवढंच बोलली. मुरबाडवरून धसई गाठेपर्यंत मनात एकच होतं: त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं.

भावोजी माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झाले आणि धसईला परतताना कॉम्प्युटर घेऊन आले. "यानं भात झोडनार काय?" मी चेष्टा केली. "तुज्या ताईला भरून ठेवनार हाय यात," ते म्हणाले. ताई लग्नांत धवळे गायची. आमच्याकडे हळद असो वा मांडव, धवळा म्हटल्याशिवाय विधी पुढं सरकत नाही. भावोजींनी तिला माइकसमोर बसवलं. "मांडव नाय, नवरी नाय, मी कुनासाठी गाऊ वो?" ती लाजायची. "माज्यासाठी गा." अशी दोघांची कुरबुर चालायची आणि मग ताई डोळे मिटून गायची. ते सगळं कॉम्प्युटरमध्ये जमा झालं, आणि पुढच्या वर्षी ताई गेली.

सुनंदाचं लग्न ठरलं. तिच्या हळदीला आईचाच धवळा लावायचा, हे भावोजींनी ठरवून टाकलं होतं. नेमका तेव्हाच कॉम्प्युटर रुसला. सुरू करावा तर निळा पडदा, दोन मिनिटं चालला की बंद. मी गेलो. आधी कॉम्प्युटरचा डबा उघडून पाहायचं, हे मी रोज मुलांना शिकवतो. पण मला परतीची गाडी धरायची होती, आणि भावोजींसमोर जाणकारीही मिरवायची होती. "फॉरमॅट मारू, नवा होईल," मी म्हणालो. "गानी?" त्यांनी विचारलं. "ती बाजूला काढतो." गाण्यांचं चित्र मी दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं. क्षणात गेलं. तेव्हाच शंका यायला हवी होती... ती गाणी नव्हतीच. भावोजींना सापडायला सोपं पडावं म्हणून समोरच्या पडद्यावर मीच कधीतरी करून दिलेला तो शॉर्टकट होता, गाण्यांकडे नेणारी नुसती खूण. खरी गाणी मी पुसत असलेल्या ड्राइव्हवर होती.

नवी सिस्टीम चढवतानाही तोच निळा पडदा आला. तेव्हा कुठे मी डबा उघडला. रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर धूळ बसली होती. ती काढून खोडरबरनं घासली, परत बसवली, आणि कॉम्प्युटर सुरळीत चालू लागला. म्हणजे काही पुसायची गरजच नव्हती. आणि गाण्यांचं चित्र दाबलं तर काहीच उघडेना. "व्हायरसनं गाणी खाल्ली," मी म्हणालो. डिस्क कल्याणला कुणाला दाखवली असती तर कदाचित काही परत मिळालं असतं. पण मग माझं पितळ उघडं पडलं असतं. भावोजींनी पडदा फडक्यानं पुसला. "मशीन हाय, बिगडनारच. तू जेवून जा."

हळदीच्या दिवशी बायकांच्या घोळक्यात ते स्वतःच बसले आणि धवळा म्हणू लागले. "अवो, बाप्ये धवळा म्हनतात काय?" बायका खिदळल्या. "ती होती तवर तिनं म्हटला. आता मी म्हनतो," ते म्हणाले. शब्द एकही चुकला नाही. फक्त ताई जिथं सूर वर न्यायची, तिथं यांचा आवाज खाली उतरायचा. मी मांडवाच्या खांबाला टेकून मान खाली घालून ऐकत होतो.

बाराव्यानंतर मी सुनंदाला सगळं सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात थांबला. "मंग बाबांना का नाय सांगला, मामा?" मी सांडलेले तांदूळ वेचू लागलो. तिचं सूप पुन्हा हलू लागलं आणि ती तोच धवळा गुणगुणू लागली. "आई असाच म्हनायची ना?" "नाय गो," मी म्हणालो आणि फाटक्या आवाजात ती ओळ ताईसारखी वर नेऊन दाखवली. ती ऐकत राहिली. "असा होता व्हय..." तिनं ओळ पुन्हा धरली. त्या वळणाशी आली, क्षणभर अडखळली, आणि तिचा आवाज भावोजींसारखाच खाली उतरला.