भावोजींचा लाल रंग

तुळसाकाकी कुणाच्याही घरी गेली की आधी स्वयंपाकघरात शिरायची आणि चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचलून आत बघायची. घर ओळखीचं असो की नसो. बाहेर पुरुष मंडळी खुर्ची पुढे करून ताटकळत उभी, आणि ही आत कुणा अनोळखी बाईला विचारतेय, "सारात डाळ दिसत नाही गे. रेशनला मिळाली नाही, अल्वा?" अल्वा म्हणजे कानडीतलं 'हो ना'. माझ्या आईला या प्रकाराची फार लाज वाटे. "लोकांच्या घरात असं करू नये," ती म्हणायची. त्यावर काकीचं उत्तर ठरलेलं. "जाऊबाई, बाहेरच्या खोलीत बसलेला माणूस सगळं बरं आहे म्हणतो. भांडं तसं म्हणत नाही." एवढं बोलून ती पुढच्या घराकडे निघालेलीही असायची.

ती माझी धाकटी काकी. आमचं घर म्हैसूरला रंगाऱ्यांच्या गल्लीत. पिढ्यानपिढ्या इथेच राहिलेली मराठी माणसं आम्ही. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कानडी आणि भांडण दोन्हींत. काका तरुणपणीच तापाने गेले. मूलबाळ नव्हतं. काकी आता माहेरी जाईल असं सगळ्यांनी धरून चाललं होतं, पण ती पदर खोचून अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रंगाच्या कढयांपाशी उभी राहिली आणि सुताच्या लडी बुडवू लागली.

अण्णा तिचे थोरले दीर, त्यामुळे त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही ही आमच्यातली रीत. दोघंही एकाच खोलीत असायची आणि मध्ये आई. "जाऊबाई, भावोजींना सांगा, जळण संपत आलंय." "तिला सांग, उद्या गाडी येतेय." दोघांनाही सगळं ऐकू येत असे, तरी आईने एकदा तोंड हलवल्याशिवाय बोलणं पोचलं असं कुणी मानत नसे. आई वैतागून म्हणायची, "मला एक खाकी डगला शिवा, म्हणजे मी टपाल वाटायला मोकळी."

काकीला बसणं म्हणून माहीत नव्हतं. कॉफी उभ्याने प्यायची, तीही अर्धी. अर्धा पेला ठेवून ती कुठे गेली हे शोधायचं काम माझ्याकडे. "सुम्ने बसणाऱ्याच्या घरी नळही सुम्ने बसतो," हे तिचं आवडतं वाक्य. सुम्ने म्हणजे उगीच, गप्प. गल्लीतला नळ खरोखरच कित्येक दिवस गप्प बसला, तेव्हा ती बायकांना रिकाम्या घागरी घेऊन नगरपालिकेच्या दारात घेऊन गेली. पाणी आलं. त्याबरोबर नगरपालिकेच्या पुढच्या निवडणुकीचं तिकीटही आलं.

राज्यांची पुनर्रचना होऊन गेली होती, आणि कोण कुठला हा प्रश्न लोकांच्या जिभेवर होता. पुढे ती आमदारकीला उभी राहिली तेव्हा विरोधकांनी तो उचललाच: ही मराठी बाई, हिला कशाला मत? भर सभेत तिने कानडीत उत्तर दिलं, "मराठी तर मराठी. तुमच्या घरी काय शिजतं ते मला ठाऊक आहे. त्यांना ठाऊक आहे का, विचारा." बायका हसल्या आणि निवडणूक तिथेच फिरली. अण्णांनी तिच्यासाठी झेंडे रंगवले, दारोदार हिंडून मतं मागितली. निकालाच्या दिवशी मात्र म्हणाले, "तिला सांग, गुलाल झटकून घरात ये." तुळसक्का हे नाव तेव्हापासून गावभर झालं.

झाकण उचलायची खोड तिला नडलीही. बंगळूरला पक्षाच्या एका बुजुर्ग नेत्याने कडक उपास धरला होता. भेटायला गेलेली काकी सवयीने आत शिरली आणि भांड्यातला शिरा बघून बाहेर येऊन सर्वांदेखत म्हणाली, "केसरीबात मस्त झालाय, तूप चांगलं पडलंय. मंडळींना पण वाढा की." त्या वर्षी मंत्रिपदाच्या नावांतून तिचं नाव गळलं. आई कपाळाला हात लावून बसली. काकी म्हणाली, "बरं झालं. आणखी एक वर्ष गावात फिरता येईल." पण मला ठाऊक आहे, त्या आठवड्यात ती गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती येरझाऱ्या घालत होती.

पुढे उपमंत्रिपद मिळालं. आरोग्य आणि नगरपालिका. एका सकाळी ती सुट्टीवर म्हणून घरी आली, आणि कॉफी अर्धी टाकून मला म्हणाली, "चल सुमी, आपलं गटार कुठवर जातं बघून येऊ." मी तेव्हा कॉलेजात होते. असल्या फेरफटक्याला मैत्रिणींदेखत निघायचं माझ्या जिवावर आलं, पण तिच्यापुढे कुणाचं चाललंय? आमच्या कढयांचं पाणी मागच्या मोरीतून गटारात, गटारातून ओढ्यात. आम्ही ओढ्याच्या कडेने चालत राहिलो. दसऱ्याचे दिवस जवळ आलेले, पाणी लालभडक. ओढा एका वस्तीपाशी पसरट झाला होता आणि त्याच्या काठाला लागूनच तिथली विहीर होती.

काकी पहिल्याच झोपडीत शिरली आणि झाकण उचललं. भात होता. पांढरा नव्हता, फिक्कट गुलाबी, जसा फडक्याचा रंग लागून कपडा होतो तसा. घरची बाई अजिबात चपापली नाही. "सणाच्या आधी जरा जास्त येतो, अक्का," ती कानडीत म्हणाली. "मग उतरतो." तिची दोन मुलं भिंतीशी पोट धरून निजली होती. काकीने भाताची चार शितं बोटावर घेतली, दारातल्या उजेडात धरली आणि बराच वेळ बघत राहिली. आमच्या गल्लीत प्रत्येक घराचा लाल वेगळा, जसा प्रत्येक घरचा मसाला वेगळा. ती मला मराठीत म्हणाली, "हा भावोजींचा लाल." मग ती शितं तिने खाल्ली.

परत येताना ती इतकी भराभर चालली की मला धावावं लागलं.

त्या दुपारी घरात झालेलं बोलणं मी विसरू शकत नाही. अण्णा जेवत होते, आई वाढत होती, काकी दाराच्या चौकटीला धरून उभी.

"जाऊबाई, भावोजींना सांगा, कढया इथून हलवायला लागतील."

"तिला सांग, माझ्या आजोबांपासून ओढा असाच वाहतोय."

"त्यांना सांगा, आजोबांच्या वेळचा रंग झाडाचा होता. आताचा डब्यातला आहे."

"तिला सांग," अण्णांनी ताटातच हात धुतला, "झेंडे रंगवायच्या आधी हे बोलली असती तर बरं झालं असतं."

या वेळी आईने कुणालाच काही सांगितलं नाही.

काकीने कढया हलवायच्या आदेशावर सही केली. गावाबाहेर नवी जागा देऊ केली, तिथे गटार वेगळं, पाणी भरपूर. निम्मी गल्ली गेली. अण्णा गेले नाहीत. "तिथल्या पाण्यात माझा रंग बसणार नाही," म्हणाले आणि भट्टी विझवून एका कापडाच्या दुकानात कापड मोजायला लागले. त्यांचे हात मी जन्मापासून लालच पाहिले होते. हळूहळू ते उतरत गेले, आधी मनगटं, मग तळवे, शेवटी नखांच्या कडा. एक दिवस जेवताना ते हात साधे, कुणाचेही असावेत तसे दिसले आणि आई उठून आत गेली. मला त्या वेळी काकीचा भयंकर राग आला. त्या वस्तीतली मुलं आठवली की तो राग टिकत नसे, आणि टिकत नाही याचाही राग येई.

काकी म्हैसूरमध्येच, चामराजपुरम भागात भाड्याच्या घरात राहायला गेली. "मी इथे असले तर त्यांना रोज माझं तोंड दिसणार," एवढंच म्हणाली. अण्णांनी तिचं नाव टाकलं. आईमार्फतचं बोलणंही संपलं. गल्लीत लग्नकार्य निघालं की काकीकडे आमंत्रण जात नसे, आणि ती मला खोदून खोदून विचारायची: जेवायला काय होतं, अण्णा पंक्तीत हसून बोलले का, त्यांचा खोकला कसा आहे.

जगात मात्र त्या सहीने तिचं नाव झालं. स्वतःच्या घरची भट्टी विझवणारी बाई म्हणून पेपरांनी तिला उचलून धरलं आणि पक्षाने लोकसभेचं तिकीट दिलं. एच. डी. कोटेपासून तलकाडपर्यंत सगळ्या मतदारसंघात ती जीपमधून हिंडली, बसल्या बसल्या झोपली, घरोघरी झाकणं उचलली. फक्त आमच्या गल्लीत मत मागायला आली नाही. ती निवडून आली. आमच्या गल्लीतली मतं मात्र तिच्या विरोधात गेली, हे लोक मुद्दाम मोठ्याने सांगत होते. मग दिल्लीच्या मंत्रिमंडळात तिला घेणार अशी बातमी आली.

दिल्लीला निघायच्या सकाळी ती घरी आली. पुढे दोन-तीन वर्षांतच ती दिल्लीत वारली, त्यामुळे आमच्या घराने तिला शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी. गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवून ती एकटी चालत आली. एकही दार उघडलं नाही. अण्णा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. तोंडापुढे धरलेल्या पानावर तिचाच फोटो होता. आईने लगबगीने तिच्या हातावर दही घातलं.

"जाऊबाई," काकी म्हणाली, "भावोजींना विचारा. गल्लीतली मतं गेली त्याचं मला काही नाही. त्यांचं एक कुठे गेलं?"

आई अण्णांकडे वळली. पेपर हलला नाही.

"तिला सांग, तिलाच दिलं."

मग काकीने जे केलं ते आमच्या घरात कधी कुणी केलं नव्हतं. आईला वळसा घालून ती थेट अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. "मग बोलत का नाही, भावोजी?"

अण्णांनी पेपर खाली केला आणि तिच्याकडे पाहिलं. "तू चुकली असतीस तर केव्हाच माफ करून टाकलं असतं," ते म्हणाले. त्यांचा आवाज अगदी साधा होता. "चुकली नाहीस. आता मी माफ काय करू?"

गाडीचा हॉर्न वाजला. दही तिच्या तळहातावरून मनगटाकडे ओघळलं, ते मी पुसलं आणि तिला हाताला धरून बाहेर आणलं.

गल्लीतून चालताना तिने माझा हात घट्ट धरला होता. "काय म्हणाले गे ते? चुकली नाहीस म्हणाले, अल्वा?" मी हो म्हटलं. चार घरं गेल्यावर पुन्हा म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. गाडीचं दार लागेपर्यंत ती मला तेवढंच पुन्हापुन्हा म्हणायला लावत होती. त्यापुढचं वाक्य तिने एकदाही विचारलं नाही.