खिडकीतल्या आईचे तीन फोटो

घरात त्यांना सगळे क्लिकराव म्हणत. हे नाव आईनंच ठेवलेलं. पासपोर्टच्या फोटोंचं छोटं दुकान, दिवसभर तोंडात एकच मंत्र, "हनुवटी खाली, कान दिसू द्या." त्यामुळे जेवतानासुद्धा समोरच्याची हनुवटी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. पुढे लोक मोबाइलवरच फोटो काढू लागले, दुकानात माशा मारायची वेळ आली, आणि क्लिकराव इंटरनेटवरच्या एका फोटो-भांडाराकडे वळले.

तिथला मामला सोपा होता. आपण फोटो चढवायचा. कुणी जाहिरातीला घेतला, किंवा मोठा छापून भिंतीवर लावायला घेतला, की विक्रीतला बारीकसा वाटा आपला. त्याला रॉयल्टी म्हणायचं. पण लाखो फोटोंत आपला सापडायला हवा, म्हणून त्याला शीर्षक द्यायचं आणि खाली शब्द लिहायचे. नुसतं 'आजी' लिहिलं तर कुत्रंही विचारत नाही. शब्द काळजाला हात घालणारा हवा.

एका दुपारी त्यांनी आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं.

"बाहेर बघ. वाट बघतेयस असं वाटलं पाहिजे."

"कुणाची वाट?"

"मुलाची."

"तो तर समोर उभा आहे," असं म्हणून आई जी हसत सुटली, ती आवरेना. सून बघायला आली, तीही हसायला लागली. एकेचाळिसाव्या फोटोत कुठे आईचा चेहरा पडला, तोही बसून बसून कंबर धरली म्हणून. परवानगीच्या कागदावर तिनं न वाचताच सही केली. पोटच्या पोरानं आणलेला कागद काय वाचायचा, म्हणाली.

क्लिकरावांनी शीर्षक दिलं, 'टाकून दिलेली'. खाली शब्द लिहिले: आई, म्हातारपण, एकटी, मुलं विसरली. आत आई सुनेला भाजी कशी चिरायची यावरून बोलत होती. त्यांना जरा चोरट्यासारखं झालं, पण भांडारात सगळे हेच करतात.

फोटो भिंतीवरची चित्रं छापून विकणाऱ्या एका कंपनीनं उचलला. तिला तीनचा संच हवा होता. तीच बाई, तीच खिडकी, आणखी दोन फोटो वर्षाच्या आत. न दिल्यास मिळालेली सगळी रॉयल्टी परत. क्लिकरावांनी तो करार आईच्याच पद्धतीनं वाचला आणि सही ठोकली.

चित्र धडाधड खपलं. आलेल्या पैशांत आईच्या दोन्ही डोळ्यांचा मोतीबिंदू निघाला. शेवटच्या तपासणीला मायलेक दवाखान्यात गेले, आणि तिथल्या बाकासमोर भिंतभर आई लावलेली होती. आई उठून जवळ गेली. कडेला बारीक अक्षरात छापलेलं शीर्षक तिनं सावकाश वाचलं. नव्या डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसत होतं.

बाकावरच्या एका बाईनं सुस्कारा सोडला. "बघा ना, कशी असतात मुलं."

"कामात असेल हो तिचा मुलगा," आई म्हणाली.

घरी आल्यावर क्लिकराव म्हणाले, "आई, अगं तो नुसता विकण्यासाठीचा शब्द आहे."

"हो रे. मला कळतं."

पण त्या दिवसापासून तिनं खुर्ची खिडकीपासून आत ओढून घेतली. ते चप्पल घालू लागले की विचारायची, "किती वाजता येशील?" इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. क्लिकरावांनी कंपनीला लिहिलं की चित्र मागे घ्या, निदान शीर्षक बदला. उत्तर आलं: विकलेले हक्क विकले गेले, शीर्षक आपणच दिलेलं आहे, आणि उरलेले दोन फोटो या महिनाअखेर द्यायचे आहेत.

"अहो, परत करून टाका ते पैसे," बायको म्हणाली.

"कुठून? ते डोळ्यांना गेले."

"मग आईंना सांगा तसं."

"काय सांगू? तुला दिसायला लागलं ते त्याच फोटोवर, असं?"

महिना सरत आला. क्लिकराव रोज कॅमेरा पिशवीतून काढत आणि परत आत ठेवत. ना पैसे होते, ना विचारायला तोंड. शेवटी बायकोनंच सासूला सगळं सांगितलं असावं. रविवारी सकाळी ते दाढी करून बाहेर आले, तर खुर्ची पुन्हा खिडकीशी होती आणि आई तिच्यात बसली होती.

"आण तुझा कॅमेरा," ती म्हणाली.

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला आणि ती हसायची वाट बघितली. 'हनुवटी खाली' हे शब्द ओठांवर आले होते, पण सांगायची गरजच पडली नाही. एक फोटो झाला. दुसरा झाला. दोन्ही कंपनीला हवे तसेच होते.

"झालं?" आईनं विचारलं.

"झालं."

"या वेळी हसले नाही बघ."

क्लिकराव कॅमेरा हातात धरून तिच्या समोरच उभे होते. आई खिडकीबाहेर बघत राहिली.