हसरा चेहरा मीच दाबत होते

चंद्रपूरच्या दवाखान्यात माझ्या नवऱ्याच्या हृदयात स्टेंट टाकला, तेव्हा तिथल्या सिस्टरने यांच्या मोबाईलमध्ये एक अ‍ॅप टाकून दिलं. फोन खिशात ठेवायचा, पावलं तो आपोआप मोजणार. संध्याकाळी एकच प्रश्न येणार : आज मन कसं होतं? खाली हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे. त्यातला एक दाबायचा.

हे तलावात मासे धरणारे, लिहिणं-वाचणं येत नाही. मी गावातली अंगणवाडी सेविका. मुलांची वजनं, हजेरी मी रोज मोबाईलवरच भरते, म्हणून हेही काम माझ्याकडे आलं. चूल पेटवता पेटवता यांच्या खिशातला फोन काढायचा, हसरा चेहरा दाबायचा, परत ठेवायचा. प्रश्न मोठ्याने वाचायचं कधी सुचलंच नाही. माणूस जेवत होता, गोळ्या घेत होता. मला वाटे, बरा आहे.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. सिस्टरने कॉम्प्युटरवर पाहिलं.

"भाऊ, मन तर रोज आनंदात आहे. मग चालणं का बंद केलं?"

पडद्यावर पावलांच्या काड्या होत्या. सुरुवातीला उंच, मग बुटक्या, शेवटी जमिनीला टेकलेल्या.

"फोन घरी राहत असेल," मी म्हणाले.

"नाई, खिशातच राह्यते," हे म्हणाले.

"आणि हा हसरा चेहरा तुम्हीच दाबता ना, भाऊ?"

"कोणता चेहरा? मले तं कोणी काही इचारलंच नाई."

"मी दाबते," मी म्हणाले.

सिस्टर मला रागावली नाही. तिने खुर्ची यांच्याजवळ ओढली. "भाऊ, मन कसं आहे?"

हे माझ्याकडेच पाहून बोलले, "भेव वाटते. तलावाच्या पाळीवर चढलो का छातीत धडधडते. वाटते, पाण्यातच जीव जाईन. तू अंगणवाडीत गेली का मी गुरांच्या कोठ्यात बसून राह्यतो. तू यायच्या आधी आंगणात येतो."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू घाईत असते."

त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं एका ताटात जेवलेला माणूस महिनोन् महिने अंधारात बसत होता, आणि मी दवाखान्याला सगळं ठीक असल्याचं कळवत होते.

डॉक्टरांनी तपासलं. हृदय चांगलं होतं. अशी भीती पुष्कळांना वाटते, औषधाइतकंच बोलणंही लागतं, रोज कुणालातरी सोबत घेऊन चाला, असं त्यांनी सांगितलं.

त्या संध्याकाळी मी प्रश्न वाचून दाखवला. यांनी रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि दाबलं. रडका चेहरा पाहून सकाळी दवाखान्यातून फोन आला. मी तो यांच्या हातात दिला आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

आता अंगणवाडी उघडण्याआधी आम्ही दोघं पाळीवर, तलावाच्या बांधावर, चालायला जातो. कधी अर्ध्यातूनच परततो. दिवाळीनंतर एका सकाळी हे गुडघाभर पाण्यात उतरले. काठावर माझीच छाती धडधडत होती.

"लय थंड हाय," म्हणत हे बाहेर आले, आणि आम्ही चहाला घरी निघालो.