फुटवण

धारूरच्या घाटाखालच्या तलावावर धुळाजी बावीस वर्षं पाटकरी होता. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते त्याच्या हातात, त्यामुळं भल्याभल्यांचा रुबाब त्याच्यापुढं गळून पडायचा. तलावाच्या भिंतीखालच्या शिवाराला फुटवण म्हणत. तिथं उसाला फुटवा जोरात येतो, एका कोंबाचे दहा होतात, म्हणून हे नाव, असं तोच ज्याला त्याला छातीठोकपणे सांगायचा. कारखाना निघाला, घरोघर टीव्ही आले, तेव्हा जावयाला त्यानंच फुटवणात घर बांधायला लावलं. लेक कडूबाई नजरेसमोर राहील, एवढाच त्याचा स्वार्थ.

अठ्ठ्याण्णवच्या भादव्यात तो धारूरला मल्लिनाथच्या दुकानात चहापत्ती घ्यायला गेला. पुड्यांसाठी काढलेल्या रद्दीत खोऱ्याचा जुना नकाशा होता. धुळाजीला अक्षर येत नव्हतं, पण तरुणपणी मोजणीवाल्यांच्या मागं त्यानं साखळी ओढली होती. रेघा त्याला कळायच्या. ओढा सापडला, टेकडी सापडली. आजच्या भिंतीच्याच जागी एक बांध काढलेला होता, मधोमध तुटका. शेजारचं इंग्रजी नाव मल्लिनाथनं वाचलं: फुटवण. साल निजामाच्या अमलातलं होतं.

धुळाजीनं त्या तुटक्या रेघेवर बोट ठेवलं. तेव्हा खोऱ्यात ऊस होता कुठं? ऊस तर तलाव झाल्यावर आला. म्हणजे फुटला होता तो बांध, आणि आपण मूर्ख, उसाचे गोडवे गात बसलो.

त्यानं नकाशा नेऊन दाखवला, तर पाटबंधारे खात्याच्या साहेबानं तो हसण्यावारी नेला. भिंत रोज बघणाऱ्याचं ऐकायचं सोडून हे खुर्चीतूनच ठरवणार! मातीच्या भिंतीतून थोडं पाणी पाझरतंच. नितळ असलं तर भिऊ नये, गढूळ आलं तर आतली माती वाहू लागली समजावं, हे धुळाजीला कुणी शिकवायला नको होतं. तो रोज भिंतीचा पायथा बघू लागला. तीन दिवस पाऊस लागून तलाव काठोकाठ भरला, तरी पायथ्याला पाणी नितळच होतं.

चौथ्या सकाळी जरा हायसं वाटून तो लेकीकडं चहाला गेला. तिनं हौसेनं त्याला परसात नेलं.

"अण्णा, हितं झरा फुटलाय बघा. आता पाण्याला लांब जायला नगं."

धुळाजीनं ओंजळ भरली. तळहाताच्या रेघा दिसेनात.

"बाई, लेकरं उचल."

"कावून? चुलीवर दूध हाय."

"ऱ्हाऊ दे दूध."

धाकटीला काखोटीला मारून तो शेजाऱ्यांची दारं बडवत टेकडीच्या वाटेला लागला.