बिनहाडाचं कोडं

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. सांगलीहून मोटारीनं आलेला माणूस उंब्रजच्या आमच्या दारात उभा राहून सांगत होता, शाळेतून घरी आले, पाणी मागितलं आणि बसल्या जागी गेले... मला तो घास गिळताही येईना आणि थुंकताही येईना. जीभ तोंडात नुसती पडून राहिली. पूर्वी एकदा ती अशीच पडली होती, पण तेव्हा तिला उठवायला दादा होता.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. माझे यजमान पलटणीत, दूर कुठंतरी. मला विषमज्वर झाला. ताप उतरला, पण जाताना अर्धी जीभ घेऊन गेला. बोलायला जावं तर तोंडात ओला बोळा कोंबल्यासारखं व्हायचं. लोकांना वाटे, पोरगी खुळावली. दादा सांगलीच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचा. तो येऊन मला घेऊन गेला. डॉक्टर झाले, वैद्य झाले. सगळे म्हणाले, वाट बघा. वाट बघणं दादाच्या स्वभावात नव्हतं.

त्याला जुनं वेड होतं. गोगलगाय, जळू, गांडूळ, जे जे बिनहाडाचं ते ते तो तासन् तास बघत बसे. एकदा मला देवळाचा हत्ती दाखवायला घेऊन गेला. हत्तीनं सोंड लांबवून माझ्या हातावरचा गुळाचा खडा अलगद उचलला. मी घाबरून डोळे मिटले, आणि दादा कानाशी म्हणाला, "कुसे, सोंडंत एक हाड न्हाई बघ. मांसाला फकस्त ओढता येतं, ढकलता येत न्हाई. मग ही लांब कशी हुती? तुझी जीभ भाईर येती, तिला मागनं कोन ढकलतंय?" मला काय ठाऊक! माझी तर बाहेरच येत नव्हती. पुस्तकांतही त्याला धड उत्तर सापडलं नव्हतं. जिभेला हाड नसतं हे आपण वाटेल ते बोलणाऱ्याला म्हणतो. दादा मात्र त्यावर वर्षानुवर्षं डोकं धरून बसला होता.

मग एका सकाळी त्यानं वहिनींच्या परातीतून कणकेचा गोळा उचलला. मुठीत धरून चहूबाजूंनी दाबला, तशी अंगठ्याशेजारून कणीक लांब होऊन बाहेर आली. "ढकललं कुनी न्हाई. आवळलं. आतली कनीक जाईल कुठं? बारीक झाली की लांब हुनारच. तू जीभ ढकलू नगंस, आवळ." आवळायची म्हणजे काय करायचं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कळलेलं नाही. तरी रोज सकाळी आरसा घेऊन आम्ही समोरासमोर बसायचो.

त्याच सुमारास वहिनींना मुलगी झाली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं, आणि सख्खी आत्या मी एकटी. गावाहून आलेल्या काकू म्हणाल्या, "आवं, हिची जीभ कवा वळायची? चुलत भैनीला बलवा. न्हाईतर उमा ठेवा, ओठांवर भागतंय." दादानं ऐकलं नाही. नाव ठरवलं ललिता. एकही अक्षर असं नाही की जिभेला जागचं हलावं लागू नये! मला वाटलं, ह्याला बहीण नको आहे, प्रयोगाला बेडूक हवा आहे. त्यात भर म्हणजे मला शिकवताना तो स्वतःच बोबडं बोलायला लागला. लाळ गाळत, शब्द चावत, हुबेहूब माझ्यासारखा. दोन-चार दिवस सोसलं, मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आरसा आपटून मी ओरडले, "वेडावू नकोस मला!"

वाक्य नीट आलं होतं. दादा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, मला ते कळलं नाही. बारशाला "कुर्रर्र" केलं, ललिताच्या कानात ललिता म्हटलं, बायकांनी माझ्या पाठीत हलके धपाटे घातले. बाळानं त्याच क्षणी जीभ बाहेर काढली आणि दादा सगळं विसरून तिच्यावर वाकला... बघत राहिला. माझ्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तो सल मी पुढं वर्षानुवर्षं बाळगला.

दादा गेल्यावर चौदाव्या दिवशी, सांगलीच्या घरातले पाहुणे पांगल्यावर वहिनींनी माझ्या हातात एक पितळी डबी ठेवली. आत मुळीचे तुकडे. अक्कलकारा. चघळला की जीभ बधिर होते.

"तुमच्यापुढं बसायच्या आदी रोज चघळायचे, वन्सं. म्हनायचे, तिची जीभ जड, माजी हलकी, मग मला तिचं कसं कळावं?"

"मग सांगितलं का नाही मला?"

"मी म्हनलं की त्यास्नी, लय येळा. तर म्हनले, रागानं का हुईना, बोलाय लागलीया. ऱ्हाऊ दे तिचा राग."

मला काही नीट उमगत नाही. ही माया होती की त्याचं ते जुनं वेड? माझी जीभ कणकेनं सुटली, रागानं सुटली की नुसता काळ गेला म्हणून? विचारायचं कुणाला... ज्याला विचारायचं तोच गेला. आता ललिता सुट्टीत माझ्याकडे उंब्रजला येते, परातीजवळ बसते, कणीक मुठीत आवळते आणि ती बाहेर आली की हसते. हे तिला कुणी शिकवलं ते मी विचारत नाही.

काल ती खेळायला गेल्यावर मी डबी उघडली. एक तुकडा चघळला. आधी मुंग्या आल्या, मग तोंडाला पाणी सुटलं, मग जीभ माझी राहिली नाही. आरशासमोर बसून हाक मारून पाहिली. दादा हा शब्द काही मला नीट म्हणता आला नाही.