माइकमधली टकटक

दोरा तोडायला मास्तरांनी कधी कात्री घेतली नाही. कात्री समोरच पडलेली असायची, पण मास्तर मान डावीकडे कलती करणार, दोरा दाढेखाली धरणार आणि कचकन तोडणार. "कात्री कापडासाठी असती," म्हणायचे. ओठांत दोन टाचण्या, गालात सुपारीचं खांड आणि त्यातूनच गिऱ्हाइकाशी गप्पा. एकाच तोंडाला इतकी कामं लावणारा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल.

येडगावच्या अलीकडे आमचं गाव. एसटी स्टँडसमोर मास्तरांचं शिलाईचं दुकान आणि त्याला लागून माझं लाउडस्पीकरचं. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. एरवी मास्तर टेलर, पण यात्रांचा हंगाम आला की बैलगाड्यांच्या घाटातले अनाउन्सर. आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रा म्हटली की शर्यत आलीच. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात, एकेका गाड्याच्या धावेला बारी, आणि सगळा निकाल सेकंदांवर. माझा सेट आणि मास्तरांचा आवाज अशी आमची जोडी ठरलेली. मास्तरांनी "आलाऽऽ आलाऽऽ" सुरू केलं की रेवडीवाले दुकान उघडं टाकून घाटाकडे पळायचे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "घाई नको, पावणं. बैल निघाल्याबिगर घड्याळ सुटत नाय." घाटात हे गाडामालकांना सांगायचे, आणि दुकानात लग्नाचा सदरा मागायला आलेल्या नवरदेवालाही तेच. मोजून चार नवरदेव जुन्या सदऱ्यात बोहल्यावर चढले असतील.

एका हंगामात माझ्या सेटमधून टक् असा आवाज यायला लागला. मास्तर बोलायला लागले की मधूनच टक्. मी वायर बदलली, पिन बदलली, शेजारच्या गावातून दुसरा माइक आणला. टक् काही जाईना. लोक म्हणायला लागले, सेट जुना झाला याचा. एका दुपारी बाऱ्या थांबलेल्या, सेट बंद, आणि आम्ही वडापाव खात होतो. मास्तरांनी तोंड उघडलं आणि टक्. मी हातातला वडा तसाच धरून त्यांच्या गालाला कान लावला. माझ्या मशीनला मी उगाच दोष देत होतो.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"सा म्हैनं झालं. कानापुढं लई ठणकतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"दाढंचं दुखनं वाटलं म्हनून ती काढून टाकली ना. डॉक्टर नको म्हणत व्हता, मीच म्हनलो काढाच. आता दाढ न्हाई, पर दुखतंय तसंच."

हसू की रागावू ते मला कळेना. चांगली धडधाकट दाढ काढून घेतली होती या गृहस्थाने.

पुढच्याच आठवड्यात घोडेगावच्या बाजूला एक यात्रा होती. गाडा सुटला, मास्तरांनी माइक तोंडाशी नेला, "आ" एवढं म्हटलं आणि जबडा तिथेच अडकला. बोटभरही उघडेना. घाटातल्या लोकांना वाटलं, सेट गेला. गाडा वर पोहोचेपर्यंत मी आयुष्यभराच्या शिव्या खाल्ल्या.

घोडेगावात स्टँडजवळ दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना काढला होता. त्यांनी मास्तरांच्या दोन्ही कानांपुढे दोन-दोन बोटं ठेवली. "उघडा. हळू. मिटा." मग म्हणाल्या, "हे दाताचं दुखणं नाही, काका. इथे जबड्याचा सांधा आहे. त्यात एक छोटी गादी असते, ती जागची सरकते. तोंडाने काय काय करता दिवसभर?"

मास्तरांना नीट बोलता येईना, म्हणून मीच सांगितलं. दोरा, टाचण्या, सुपारी. "आणि गाडा पळत असताना, श्वास घ्यायला थांबले की दात आवळतात, बाई. प्रत्येक बारीला. मी शेजारी बसून बघतो." मास्तर माझ्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना स्वतःलाच ते माहीत नव्हतं.

बाईंनी जबडा हळूहळू मोकळा करून दिला आणि पथ्य सांगितलं. मऊ जेवण, सुपारी बंद, दोरा कात्रीने, गरम फडक्याचा शेक, जांभई आली तर हनुवटीला खालून हात. "आणि काम नसेल तेव्हा ओठ मिटलेले, दात सुटे. नंतर टक् वाजलं तरी घाबरू नका, दुखत नसेल तर वाजू द्या. पण ओरडणं बंद."

आमच्या गावची यात्रा तीन आठवड्यांवर आली होती.

परतीच्या एसटीत मास्तर खिडकीकडे तोंड करून बसले होते. तसेच म्हणाले, "आपल्या गावचा घाट मी बोललो न्हाई आसं एक साल गेलं न्हाई. आता पंच दुसरा मानूस बगतील." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांचा हात धरून बसलो.

घरी मास्तरांच्या बायकोने, आमच्या भाभींनी, सुपारीचा डबा कुठे लपवला ते कुणालाच कळलं नाही. कात्री त्यांनी नाडीला बांधून मास्तरांच्या गळ्यात अडकवली. मास्तरांनी मापाच्या खडूने मशीनच्या फळीवर लिहिलं, 'दात सोड.' मग काय, माप द्यायला आलेल्या प्रत्येकाचा जबडा तपासायला लागले. "पावणं, दात आवळू नका. सोडा." लोक शर्ट शिवायला यायचे आणि वैद्यकीय सल्ला घेऊन जायचे.

तीन आठवड्यांत दुखणं उतरलं, तोंडात दोन बोटं जायला लागली, पण ओरडण्याची सोय नव्हती. यात्रेचे पंच माझ्या दुकानात आले आणि विचारलं, "दुसरा कोन बगायचा का?"

"मास्तरच बोलतील," मी म्हणालो. मग मास्तरांना सांगितलं, "तुम्ही आपल्या गिऱ्हाइकाशी बोलता तसं बोला. ओरडायचं काम माझ्या कर्ण्यांचं."

यात्रेच्या दिवशी मी माइक त्यांच्या ओठांशी आणला आणि आवाजाचं बटण कधी नेलं नव्हतं तिथवर फिरवलं. पहिली बारी सुटली. मास्तर शांतपणे बोलले, "निघाला. बैल खाली मान घालून येतोय बगा." मागून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, आवाज!" शेजारच्यांनी त्यालाच गप्प केलं, कारण ओरडलं तर ऐकू येईना. हळूहळू सगळा घाट गप्प झाला. इतकी वर्षं घाटात बसतोय, पण बैलांच्या खुरांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मधूनच कर्ण्यांतून टक् वाजायचं आणि लोक हसायचे. मास्तरही हसायचे, दात सुटे ठेवून.

संध्याकाळी त्यांनी खिशातून खडू काढला आणि बटण जिथे होतं तिथे सेटवर रेघ मारली. "ही माजी जागा. हितंच ठेवायचं."

त्यानंतर कितीतरी हंगाम ते त्या रेघेवर बोलले. पुढे शर्यती बंद पडल्या, आणि नंतर एका दुपारी, मशीनवर बसल्या बसल्याच, मास्तर गेले. गळ्यात कात्री होती.

खडू पुसला जाईल म्हणून ती रेघ मी खिळ्याने कोरून ठेवली आहे. आता लग्नाचे, वाढदिवसाचे अनाउन्सर येतात, ते एवढं ओरडतात की बटण खाली आणावं लागतं. पण कार्यक्रमाआधी, मांडवात कुणी नसताना, मी बटण त्या रेघेवर नेतो, माइक चालू करतो आणि काही न बोलता थोडा वेळ ऐकत बसतो. टक् वाजत नाही. वायर चांगली आहे.